अक्षर मोठं, सूत्र बारीक

अपूर्णांक कागदावर लिहायला काय लागतं? वर एक आकडा, मध्ये रेघ, खाली एक आकडा. चौथीतलं पोरगं लिहितं. मी तर हुडकेश्वरच्या एका मराठी शाळेत किती वर्षांपासून नववी-दहावीला गणित शिकवते, डोळे मिटून लिहीन. पण तोच अपूर्णांक कम्प्युटरवर लिहायची वेळ आली तेव्हा शाळेच्या कम्प्युटर खोलीत बसून मी रडायचीच तेवढी बाकी होते. रडले नाही, कारण मला रडण्याच्या आधी राग येतो. तो लवकर येतो आणि बराच वेळ मुक्कामाला राहतो.

झालं असं, की आमच्या मुख्याध्यापक सरांनी सभेत फर्मान काढलं: यापुढे एकही प्रश्नपत्रिका हातानं लिहिलेली चालणार नाही, सगळं टाइप केलेलं पाहिजे. भाषेच्या, इतिहासाच्या मॅडमनी माना डोलावल्या. त्यांचं काय जातं? मी उठून म्हटलं, "सर, माझं अक्षर छापल्यासारखं आहे. आजवर एकाही पालकाची तक्रार नाही." सर म्हणाले, "मॅडम, जमाना कुठे गेला, तुम्ही कुठे आहात?" मी खाली बसले. मी कुठे आहे ते मला चांगलं माहीत होतं. मी तिसऱ्या रांगेत पंख्याखाली होते आणि तो पंखाही बंद होता.

त्याच सुमारास शाळेच्या कम्प्युटरांतलं विकतचं सॉफ्टवेअर काढून फुकटचं टाकलं होतं. फुकटचं आहे म्हणून मी त्याला नावं ठेवत नाही. माझ्या घरच्या लॅपटॉपवरही तेच आहे. पत्रं, वेळापत्रकं, सहलीच्या सूचना, सगळं त्यात झकास होतं. पण त्यात गणिताचं सूत्र टाकायचं म्हटलं, की खाली एक वेगळी खिडकी उघडते. त्या खिडकीत सूत्र लिहायचं नाही, सूत्राचं वर्णन लिहायचं. इंग्रजीत! म्हणजे एकावर दोन पाहिजे असेल तर एक, मग 'ओव्हर' हा शब्द, मग दोन. वर्गमूळ पाहिजे तर त्याचं इंग्रजी संक्षिप्त नाव. मग वरच्या बाजूला ते सूत्र उमटतं. उमटलं तर.

नाही उमटलं तर लाल रंगाचं उलटं प्रश्नचिन्ह येतं. सरळ नाही, उलटं. शीर्षासन केल्यासारखं. मी 'बरोबर पाच' लिहिलं की ते विचारतं, कोणाच्या बरोबर? डावीकडे काहीच नाही तर बरोबरीचं चिन्ह मी लिहिणार नाही, जा. अरे बाप्पा, मी ओळ तोडून पुढची पायरी खाली घेतली आहे, डावी बाजू वर आहे, वर बघ न! पण ते वर बघत नाही. महिरपी कंस विसरला तर अख्ख्या बेरजेऐवजी तिचं शेवटचं पदच अंशात जाऊन बसतं, बाकीची बेरीज बाहेर ताटकळत उभी. वर्गसमीकरणाचं साधं सूत्र, जे मी फळ्यावर पोरांकडे तोंड करून बोलता बोलता लिहिते, ते त्या खिडकीत नीट उमटवेपर्यंत माझा चहा गार झाला, दुसरा सांगितला, तोही गार झाला.

तरी शिकले. चिडत चिडत शिकले. पहिली घटक चाचणी आली तेव्हा माझी प्रश्नपत्रिका तयार होती, आणि खरं सांगते, देखणी झाली होती. मी ती फाइल ऑफिसात देऊन टाकली आणि सुटले, असं मला वाटलं.

आता त्या मुलीबद्दल सांगायला पाहिजे, कारण हे सगळं पुढे तिच्यावर येऊन पडलं.

ती भिवापूरकडची, माझ्या दहावीच्या वर्गात. वडिलांची तिकडे मिरचीची शेती, आणि ही शिकायला मावशीकडे हुडकेश्वरला. जन्मापासून डोळे कमजोर. जाड भिंगांचा चष्मा होता, पण डॉक्टरांनी सांगितलं होतं, चष्म्यानं होईल तेवढं झालं, याच्यापुढे नाही. पहिल्या बाकावर बसायची आणि तरी फळा दिसायचा नाही. तास संपला की फळ्यापाशी जाऊन, खडूच्या धुळीत नाक खुपसून, उतरवून घ्यायची. पुढच्या तासाचे सर फळा पुसायला आले की त्यांच्यावर डाफरायची, "थांबा न सर, होऊन राहिलं माझं!" सर बिचारे डस्टर हातात धरून उभे राहायचे. वही वाचायची ती नाकाला लावून. आणि बीजगणितात तिचं डोकं असं चालायचं, की मी एक पायरी सांगावी आणि तिनं पुढची दोन तोंडी सांगून टाकावीत. मला अशी मुलं फार आवडतात. मी दाखवत नाही, पण आवडतात.

अशा मुलांना परीक्षेत लेखनिक मिळतो. तिनं तो घेतला नाही. म्हणाली, "मॅडम, मले लिहिता येते. वाचताच येत नाही. मंग लिहिणारा कायले पाह्यजे?" मुद्दा बिनतोड होता. तिला मोठ्या अक्षरांतली प्रश्नपत्रिका हवी होती, बस. सरांनी होकार दिला, आणि ते काम आमच्या ऑफिसातल्या बाबूंकडे गेलं. ज्या दिवशी ज्या विषयाचा पेपर, त्या सकाळी फाइल उघडायची, अक्षर मोठं करायचं, एक प्रत काढायची, पाकिटात घालून वर्गात पाठवायची.

चाचणीचे पेपर तपासायला घेतले तेव्हा तिचा पेपर मी आवडीनं आधी काढला. आणि माझी तळपायाची आग मस्तकात गेली. पहिलंच समीकरण होतं, x² − 7x + 12 = 0. वर्गात असली दहा वेळा सोडवली होती. तीन आणि चार, दोन उत्तरं येतात. हिनं काय केलं, तर x मधून सात x वजा केले, उणे सहा x आले, बारा पलीकडे नेले, भागाकार केला, x बरोबर दोन. खाली दोन रेघा मारून उत्तराला चौकट. पुढच्या उदाहरणातही तेच. त्याच्या पुढच्यातही. वर्ग म्हणून जगात काही असतो याचा पत्ताच नाही. मी लाल पेनानं भोपळे देत गेले, आणि शेवटी समासात लिहिलं, 'लक्ष कुठे आहे?'

दुसऱ्या दिवशी वर्गात पेपर वाटले. ती उठून माझ्या टेबलाशी आली. तिला राग आला होता. माझ्यापेक्षा जास्त आला होता.

"मॅडम, हे वर्गसमीकरण होतं?"

"मग काय होतं?"

"मले वाटलं, माह्यासाठी मुद्दाम सोपं दिलं. म्हणून मीच तुमच्यावर रागावून होती."

मी तिला म्हटलं, प्रश्नपत्रिका आण. तिनं दप्तरातून काढून दिली. आणि मी बघतच राहिले. 'पुढील समीकरणे सोडवा' हे शब्द एवढाले मोठे, दुकानाच्या पाटीसारखे. आणि त्यांच्या शेजारी माझं समीकरण, तसंच्या तसं, मूळ आकाराचं, बारीक. त्यावरचा वर्गाचा दोन तर त्याहून बारीक, एक ठिपका. माझे डोळे शाबूत असून मला चष्मा वर करून तो शोधावा लागला. तिनं नाक लावून लावून x वाचला होता, सात वाचला होता, बारा वाचले होते. तो ठिपका तिला शाईचा डाग वाटला असेल, नाही तर दिसलाच नसेल.

मी तशीच ऑफिसात गेले. बाबू शांतपणे सुपारी कातरत होते.

"भाऊ, हे काय केलं तुम्ही?"

"काय केलं मॅडम? अक्षर मोठं केलं. सगळं सिलेक्ट केलं, चोवीस करून टाकलं."

"आणि सूत्रं?"

त्यांनी कागद बघितला. बराच वेळ बघितला. "हे काहून नाही झालं मोठं?"

हाच तर प्रश्न होता, आणि त्याचं उत्तर मला त्या दिवशी कळलं. त्या सॉफ्टवेअरमध्ये सूत्र हे अक्षर नसतं. ते पानावर चिकटवलेल्या फोटोसारखं असतं. सगळा मजकूर निवडून तुम्ही त्याला चोवीस करा, छत्तीस करा, शंभर करा, सूत्र आपलं बारावर बसून राहतं. ढिम्म हलत नाही. त्याला मोठं करायचं तर एकेका सूत्रावर दोनदा टिचकी मारून आत शिरायचं, त्याच्या वेगळ्या यादीतून त्याचा वेगळा आकार बदलायचा आणि बाहेर पडायचं. मग पुढचं सूत्र. मग त्याच्या पुढचं. आणि हे कोणाला सांगायचं कोणाला सुचलं नव्हतं. बाबूंना काय बोलणार? त्यांनी भाषेचा पेपर असाच मोठा केला होता, इतिहासाचा केला होता, कुठेच अडचण आली नव्हती. त्यांच्या हिशेबानं त्यांचं काम झालेलं होतं.

"पण मॅडम," ते म्हणाले, "अक्षर तं मोठंच केलं न मी." आणि पुन्हा सुपारी कातरायला लागले.

तिची ती चाचणी पुन्हा घ्या म्हणून मी सरांकडे गेले. सर म्हणाले, चाचणीचे गुण ऑनलाइन भरून झाले, आता बदलता येत नाहीत. मी म्हटलं, मग पुढच्या परीक्षेला तिचा पेपर मी हातानं लिहिते, स्केचपेननं, एवढाल्या अक्षरात, अर्ध्या तासाचं काम. सर म्हणाले, एकीलाच हातानं लिहिलेला पेपर दिला तर उद्या कोणी म्हणेल, मॅडमनी त्यात खुणा करून दिल्या. एकाच फाइलमधून निघाला पाहिजे. मग म्हटलं, बाहेरून मोठी झेरॉक्स काढून आणते. प्रश्नपत्रिका शाळेबाहेर जात नाही, मॅडम. शाळेचं मशीन मोठं करत नाही? नाही, ते फक्त आहे तसं काढतं.  

यात खरी गोची वेगळीच होती. डोळ्यांची अशी अडचण असलेल्या मुलांना दहावीला बीजगणित-भूमितीऐवजी खालच्या इयत्तेचं सोपं अंकगणित घेता येतं. सवलत आहे. ज्यांना पाहिजे त्यांच्यासाठी चांगलीच आहे. पण ते घेतलं की पुढे सायन्सचा रस्ता बंद. चाचणीचे गुण घरी गेले आणि तिचे वडील भिवापूरहून शाळेत आले.

उंच, वाळका माणूस, पांढरा शर्ट, डोक्याला रुमाल. बसले खुर्चीच्या काठावर, उठून जायच्या तयारीत असल्यासारखे. सरांच्या टेबलावर भेटीला येणाऱ्यांची वही असते, त्यात सही करताना ते इतके वाकले की कपाळ कागदाला लागलं. सवय नसेल लिहायची, असं मला वाटलं.

"मॅडम," ते म्हणाले, "काहून तिले तरास देऊन राहिले? सवलत आहे तं घेऊ द्या न. आमच्या खानदानात गणित कोणालेच आलं नाही. मीबी नववीत त्याच्यापायीच शाळा सोडली. मास्तर मारे अन् मी मार खाये. पोरीच्या नशिबी ते नको."

"बाबा, मले नाही पाह्यजे ते सोपं गणित," ती दारातून म्हणाली. "मले सायन्सले जाचं आहे."

"तू चूप वं. होईन काय तुयाच्यानं? हे गुण पाह्य."

मी समजावून सांगितलं. कम्प्युटरची चूक, बारीक सूत्र, सगळं. त्यांनी ऐकून घेतलं, मान हलवली, आणि मला स्पष्ट दिसलं की त्यांना हा मास्तरीणबाईचा चांगुलपणा वाटून राहिला आहे. गणितात नापास झालेल्या मुलांच्या शिक्षकांनी असंच काहीतरी म्हणायचं असतं. शेवटी सरांनी तोडगा काढला: दिवाळीच्या आधी सहामाही आहे. त्यात बघू. तिथेही असंच झालं तर सुट्टीनंतर वडिलांनी अंकगणिताच्या अर्जावर सही करायची. वडील म्हणाले, ठीक आहे.  तिनं मात्र माझ्याकडे असं बघितलं, की घरी जाताना चौकात सिग्नल हिरवा झाला तरी माझी गाडी तिथेच उभी, आणि मागचे लोक हॉर्न वाजवून मला शिव्या घालून राहिले.

सहामाहीचा मोठा पेपर मी स्वतः करायचा, असं सांगून टाकलं. ऑक्टोबरच्या उकाड्यात, सुट्टीच्या दिवशी दुपारी, कूलर लावून घरच्या लॅपटॉपवर बसले. एकेका सूत्रात शिरायचं, आकार बदलायचा, बाहेर यायचं. सूत्र मोठं झालं की शेजारचा शब्द खाली ढकलला जायचा. लांब समीकरण मोठं केलं की ते पानाच्या बाहेर. मजकुरासारखं ते आपणहून खालच्या ओळीवर येत नाही, सरळ समासात घुसतं आणि कापलं जातं. मग ते तोडायचं. तोडलं की दुसऱ्या ओळीच्या सुरुवातीला बरोबरीचं चिन्ह, आणि ते चिन्ह दिसलं रे दिसलं की लाल उलटं प्रश्नचिन्ह हजर! मी त्याच्याशी चक्क भांडायला लागले. "काहून रे बाबा? काहून? काय पाहिजे तुले?" स्वयंपाकघरातून नवऱ्यानं विचारलं, कोणाशी बोलते? म्हटलं, तुमच्याशी नाही, तुम्ही गप राहा. शेवटी वैतागून मी त्या चिन्हाच्या आधी एक रिकामी महिरप टाकली, उघडली आणि बंद केली, आत काहीच नाही. आणि ते गप बसलं. म्हणजे त्याला डावीकडे काहीतरी पाहिजे होतं, ते काय, याच्याशी त्याला देणंघेणं नव्हतं. मी कपाळावर हात मारून घेतला.

पण झालं. सगळी सूत्रं मोठी, वर्गाचा दोनसुद्धा साबुदाण्याएवढा ठसठशीत. फाइल पेनड्राइव्हवर नेऊन ऑफिसच्या कम्प्युटरवर टाकली, बाबूंना बजावलं, याला हात लावू नका. नुसतं छापा.

परीक्षेच्या सकाळी, मनाला चैन पडेना म्हणून, मी लवकर शाळेत गेले. बाबू म्हणाले, "झालं मॅडम, फाइल आपल्या जुन्या विकतच्या सॉफ्टवेअरच्या फॉरमॅटमध्ये सेव्ह केली, प्रिंट मारून राहिलो."  पडद्यावर बघितलं. काही सूत्रं पुन्हा बारीक झालेली, एकाच्या जागी नुसता चौकोन.

"भाऊ! हात लावू नका म्हटलं होतं न!"

"हात कुठे लावला? सेव्हच तं केली."

नशीब, पेनड्राइव्ह माझ्या पर्समध्ये होती आणि तिच्यात मी पीडीएफही करून ठेवली होती, कारण आता माझा कोणावरच विश्वास उरला नव्हता. ती लावली. छापायला दिली. मशीन घरघरलं आणि कागद बाहेर आला. मी उचलला, आणि खरं सांगते, त्या क्षणी मला ते मशीन खिडकीबाहेर फेकावंसं वाटलं. एका पानावर दोन पानं! शेजारी शेजारी, आडवी, निम्म्या आकाराची. चाचणीनंतर शाळेत कागद वाचवायचा नवा नियम आला होता, म्हणून बाबूंनी ते मशीन तसं लावून ठेवलं होतं. सूचना, परिपत्रकं, सगळं तसंच निघायचं. माझं ते दुपारभर मोठं केलेलं सगळं पुन्हा होतं तेवढं बारीक होऊन समोर आलं.

"हे काढा," मी म्हटलं. माझा आवाज बहुतेक चढला असेल, कारण बाजूच्या स्टाफरूममधले लोक दारात येऊन उभे राहिले. "आत्ताच्या आत्ता काढा. एका पानावर एकच पान! कागद गेला तर मी माझ्या घरून आणून देते, पण हे काढा!"

बाबूंनी मुकाट्यानं काढलं. पानं पुन्हा निघाली. मी प्रत्येक पान हातात घेऊन बघितलं, समास बघितले, वर्गाचे दोन बघितले. पहिली घंटा झाली. पाकिटात घालून मी स्वतः वर्गापर्यंत गेले आणि पर्यवेक्षकांच्या हातात दिलं.

मी खिडकीशी थांबले. थांबायचं नसतं, पण थांबले. तिनं पाकीट उघडलं, पेपर काढला आणि सवयीनं नाकाशी नेला. मग थोडा लांब केला. मग बाकावर ठेवला. ठेवूनच वाचायला लागली, पाठ सरळ करून. या वर्गात तिची पाठ मी अशी ताठ कधी बघितली नव्हती. एकदा तिनं मान वळवून दुसऱ्यांकडे बघितलं, आपल्याला वेगळं तर दिलं नाही ना, असं. मग लिहायला लागली. पर्यवेक्षक सर मला हातानं जा जा करायला लागले, म्हणून मी गेले.

दिवाळीनंतर वडील आले. हातात मिरचीची पिशवी, तिचा वास सगळ्या ऑफिसभर. सर लागोपाठ शिंकले. टेबलावर अंकगणिताचा अर्ज भरून तयार होता, फक्त सही बाकी. एव्हाना तिचे गुण सरांना मी सांगितले होते, पण सर म्हणाले, निर्णय पालकांचा, आपण दबाव नाही आणायचा. मी तिची उत्तरपत्रिका वडिलांसमोर ठेवली. लाल पेनानं बरोबरच्या खुणा, वर्गात तिसरी. वडिलांनी ती बघितली. म्हणजे बघितल्यासारखं केलं.

"चांगलं आहे," ते म्हणाले. "पण एकदा होते मॅडम, दरवेळी नाही होत. तुम्ही होत्या म्हणून झालं. बोर्डात कोण बसन तिच्यासाठी?"

त्यांचं खरं होतं, आणि म्हणूनच मला जास्त राग आला. मी त्या रागात मोठ्या अक्षरांची प्रश्नपत्रिकाही काढून त्यांच्यापुढे टाकली. म्हटलं, "हे बघा. हे एवढंच लागतं. बाकी काही नाही."

त्यांनी ती उचलली. नाकाशी नेली. मग हळूहळू लांब केली, हात सरळ होईपर्यंत. आणि तशीच धरून राहिले. ओठ हलत होते. ते वाचत होते.

"हे काय आहे?" त्यांनी बोट ठेवलं.

"x चा वर्ग."

"हा वरचा दोन... हा नेहमीच असते काय?"

"असतो. वर्ग असला की असतोच."

"पुस्तकातबी?"

"पुस्तकातही."

ते थोडं हसले. "मास्तर मले म्हणे, दोन कुठी गेला रे तुया? मी म्हणो, कोणता दोन? मंग ते मारे. त्याहिले वाटे मी मस्करी करून राहिलो." सरही हसायला गेले आणि थांबले. मुलगी दारातून वडिलांकडे बघत होती, तिचं तोंड उघडंच राहिलं होतं.

वडिलांनी पेपर खाली ठेवला नाही. पुढचं समीकरण वाचलं, त्याच्या पुढचं वाचलं, बोट त्या वरच्या आकड्यांवरून फिरवत. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "म्हणजे मले येत होतं काय, मॅडम?"

   मला त्यांच्या त्या नववीच्या वर्गात जाऊन त्या मास्तरच्या हातातली छडी मोडावीशी वाटत होती, पण तो वर्ग केव्हाच उठून गेला होता.

सरांनी घसा खाकरला आणि अर्ज पुढे सरकवला. "सही इथे."

वडिलांनी अर्ज उचलला. नाकाशी नेला, तिरपा केला, उजेडाकडे धरला. मग जसा होता तसा टेबलावर परत ठेवला.

"हे बारीक आहे, सर," ते म्हणाले. "मले दिसत नाही." आणि मोठ्या अक्षरांची प्रश्नपत्रिका घडी करून त्यांनी शर्टाच्या खिशात घातली. "चाल वं, घरी जाऊ."